लिंब येथील बारा मोटांची विहीर आणि तिची करविती विरूबाई

साताऱ्याहून पुण्याच्या वाटेनें उत्तरेस निघालें म्हणजे चार-पांच कोसांवर लिंब हें गांव लागतें. त्या गांवच्या शिवारांत ‘बारा मोटांची विहीर’ म्हणून जी दगडी वापी आहे, तिची कीर्ति आतां सर्वत्र झाली असून ती पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. तिचीं वर्णनेंही पुष्कळ झालीं आहेत. परंतु वर्णन करणारांची दृष्टि बहुधा चिरेबंदी बांधकामावर खिळून राहते. ती विहीर कोणत्या काळीं, कोणी व कशासाठीं बांधविली, ह्या तीन प्रश्नांचा एकत्र विचार क्वचितच केला जातो. त्यांतच काळाविषयीं एक प्रमाद इतका रूढ झाला आहे कीं, त्याच्या योगानें जिनें ही वास्तु निर्माण करविली तिचाच तिच्याशीं असलेला संबंध तुटूं पाहतो. सबब प्रथम कालनिर्णय, नंतर करवितीचें चरित्र, आणि शेवटीं त्या कृतीचें खरें स्वरूप, या क्रमानें हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक वडूजचा रहिवासी आहे, हें येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, या विषयाकडे पाहण्याची दृष्टि बऱ्याच अंशीं स्थलानें ठरते. खटाव तालुक्याचें हें मुख्य ठिकाण येरळा नदीच्या कांठीं वसलें आहे. महाबळेश्वरीं जो पाऊस दोनशें इंचांहून अधिक पडतो, तोच पूर्वेस सरकतां सरकतां खटाव-माणांत वीस इंचांच्या आसपास उरतो. अशा देशीं झाड लावणें याचा अर्थ प्रथम पाणी शोधणें असा होतो. ज्यानें आयुष्यभर कोरड्या शिवारांत मोटेचें चाक कुरकुरतांना ऐकलें आहे, त्याला एका विहिरीवर बारा मोटा एके वेळीं चालतात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. तिच्या पाण्यावर एखादें खेडें नव्हे, तर एक विस्तीर्ण उपवन जगविण्याचा संकल्प होता, हें त्याच्या तत्काळ ध्यानांत येतें.

(१) कालनिर्णय

विहिरीच्या लेखांतून विरूबाईंचें नांव व शके १६४१ ते १६४६ असा कालनिर्देश मिळतो. यांतील ‘शके’ हा शब्द गाळून केवळ आंकडे उतरून घेण्याची वहिवाट पडली, आणि पुढें त्या आंकड्यांच्या मागें कोणीं ‘इसवी सन’ हीं अक्षरें जोडलीं. परिणामीं ‘इ. स. १६४१ ते १६४६’ असा काल अनेक ठिकाणीं छापलेला आढळतो. एकानें लिहिलें कीं दुसऱ्यानें उतरावें, या न्यायानें तो पसरत गेला आहे.

हा काल मुळींच संभवत नाहीं. इ. स. १६४१ मध्यें शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते. सातारचा किल्ला त्या काळीं आदिलशाहींत असून तो मराठ्यांच्या हातीं येण्यास १६७३ साल उजाडावें लागलें. ज्या शाहू महाराजांच्या पदरीं विरूबाई होत्या, त्यांचा जन्मच १६८२ चा. स्वतः विरूबाई १७४० च्या अखेरीस निवर्तल्या. तेव्हां १६४१ मध्यें विहीर खणण्यास आरंभ करणारी प्रौढ स्त्री त्यानंतर शंभर वर्षांनीं मृत्यु पावली असें मानावें लागेल. हा असंभव टाळण्यासाठीं कोणी ‘दुसरी कोणी विरूबाई’ कल्पील, तर मूळच्या एका चुकीसाठीं एक नवी व्यक्ति इतिहासांत घुसडल्याचा दोष पदरीं येईल.

उलटपक्षीं शक हा शकच मानिला म्हणजे सर्व कांहीं सरळ जुळतें. शके १६४१ चा आरंभ इ. स. १७१९ च्या चैत्रांत होतो व शके १६४६ हें इ. स. १७२४ च्या चैत्रापासून १७२५ च्या फाल्गुनापर्यंत चालतें. संवत्सरांच्या गणनेनें पाहिल्यास शके १६४१ हें विकारी व शके १६४६ हें क्रोधी येतें. इ. स. १६४१ म्हणजे शके १५६३ असतें, तर तें वृष संवत्सर झालें असतें. ज्यांस पडताळा पाहणें असेल त्यांनीं शकांत बारा मिळवून साठांनीं भागावें व बाकीचा आंकडा प्रभवापासून मोजावा. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचा शक १५९६. त्यांत बारा मिळवून भागिलें असतां बाकी ४८ उरते, व अठ्ठेचाळिसावें संवत्सर आनंद, हें सर्वश्रुतच आहे. त्याच रीतीनें १६४१ ची बाकी ३३ म्हणजे विकारी, आणि १६४६ ची ३८ म्हणजे क्रोधी.

येणेंप्रमाणें विहिरीचें काम इ. स. १७१९ ते १७२४ या सहा वर्षांत झालें. या वर्षांचें राजकीय महत्त्व वाचकांस सांगणें नलगे. १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले आणि त्याच वेळीं मातोश्री येसूबाई मोगलांच्या कैदेंतून सुटून सातारीं पोंचल्या. पुढील वर्षीं बाळाजीपंत वारले व बाजीरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. घरच्या कलहांतून राज्य सांवरून बाहेर पाऊल टाकूं लागलें, तो हा समय होय. राज्य स्थिर झालें म्हणजेच आंबे लावण्याची बुद्धि होते. कारण आंबा लावणारास फळासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते, आणि उद्यां गांव सोडून पळावें लागेल अशी धास्ती असणारा मनुष्य आमराई लावीत नाहीं.

(२) विरूबाईंचें चरित्र

शाहू महाराज १६८९ मध्यें रायगड पडला तेव्हां मोगलांच्या हातीं सांपडले व १७०७ पर्यंत, म्हणजे वयाच्या सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत, त्यांचा काल बादशाही छावणींत गेला. त्या छावणींतच त्यांचीं दोन लग्नें झालीं. एक वधू कण्हेरखेडच्या शिंद्यांची व दुसरी सिंदखेडच्या जाधवांची. या विवाहप्रसंगीं वधूबरोबर दासी म्हणून जी मुलगी आली, ती विरूबाई. औरंगजेबानें नववधूस पाहण्याची इच्छा दर्शविली असतां कुलस्त्रीस दरबारीं न नेतां तिच्या जागीं विरूबाईस नेण्यांत आलें, व तेव्हांपासून महाराजांनीं तिचा त्याग कधीं केला नाहीं, अशी कथा परंपरेनें सांगितली जाते. कथेच्या शब्दाशब्दाचा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. परंतु विरूबाईंचें स्थान लग्नाच्या नात्यानें नव्हे तर निष्ठेच्या नात्यानें प्राप्त झालें होतें, हा तिचा आशय पुढील वृत्तान्ताशीं जुळतो.

म्हणजे साताऱ्यास ही स्त्री सर्वार्थानें परस्थ होती. सातारच्या मुलखांत तिचें माहेर नव्हतें, वतन नव्हतें, पाठीशीं उभें राहणारें सरदार घराणें नव्हतें. फिरत्या छावणीच्या राहुट्यांतून ती एका नव्यानें वसणाऱ्या राजधानींत आली. १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढें सकवारबाई व सगुणाबाई या दोन राण्या वाड्यांत नांदत असतांही राजवाड्याचा खाजगी कारभार विरूबाईंच्या हातीं राहिला. दासीची कारभारीण झाली, ती केवळ महाराजांच्या लोभानें झाली असें म्हणणें सोपें आहे. परंतु शेंकडों माणसांचें अन्नवस्त्र, नेमणुका, सणवार, दानधर्म व रुसवेफुगवे यांचा मेळ वर्षानुवर्षें घालणें हें लोभानें साधणारें काम नव्हे. त्यास हिशेब, स्मरण व माणसाची पारख लागते.

तिच्या योग्यतेचें दुसरें गमक म्हणजे फत्तेसिंह भोसले. १७०७ मध्यें स्वदेशीं येतांना पारद येथें झालेल्या झटापटींत तेथील लोखंडे पाटील पडले. त्यांचें लहान मूल महाराजांच्या पायांवर घालण्यांत आलें व महाराजांनीं त्याचा पुत्राप्रमाणें सांभाळ केला. तेंच पुढें अक्कलकोटच्या राजघराण्याचें मूळपुरुष ठरलेले फत्तेसिंह होत. त्यांचें संगोपन विरूबाईंनीं पोटच्या मुलाप्रमाणें केलें, आणि १७४० मध्यें विरूबाई वारल्यावर त्यांचें उत्तरकार्यही फत्तेसिंहांनींच केलें. छावणींतून आलेली दासी व रणांत पोरका झालेला पाटलाचा मुलगा, अशा दोन निराधार जीवांचें हें मायलेंकरांचें नातें रक्ताचें नव्हतें, तरी एका संस्थानाच्या मुळाशीं तें आहे, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासांत नोंदण्यासारखी आहे.

येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, लिंबच्या कामास आरंभ झाला तेव्हां विरूबाईंचा साताऱ्यांतील वास अवघा दहा-अकरा वर्षांचा होता. एवढ्या अवधींत परक्या मुलखांत येऊन तेथील दगड, माती, पाणी व कारागीर यांची जुळणी करविणें हेंच त्यांचें खरें कर्तृत्व होय.

(३) विहिरीची रचना

आतां कृतीकडे वळूं. विहिरीचा मुख्य भाग अष्टकोनी असून त्यास लागून लांबट चौकोनी भाग आहे. वरून पाहतां संपूर्ण आकार शिवलिंगाचा भासतो. खोली सुमारें ११० फूट व व्यास सुमारें ५० फूट सांगतात. रुंद दगडी जिन्यानें उतरून गेलें म्हणजे दोन्ही भागांच्या मधोमध, पाण्यावर पूल टाकावा तसा, एक लहानसा महाल बांधलेला आढळतो. त्याचे खांब व भिंती यांवर कमळें, हत्ती, घोडे, व्याल व देवतांचीं चित्रें कोरलेलीं आहेत. महालाच्या वर मोकळी गच्ची आहे. कांठावर मोटांच्या जागा पंधरा असून एके वेळीं बारा मोटा चालत, त्यावरून ‘बारा मोटांची’ हें नांव पडलें.

ज्या वाचकांनीं मोट चालतांना पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं तिचें कार्य थोडक्यांत सांगतों. सोंडेची मोट चामड्याची असून तिच्या वरच्या तोंडास जाड नाडा व खालच्या सोंडेस बारीक सोंदूर बांधलेला असतो. नाडा उंच चाकावरून व सोंदूर खालच्या लाकडी रुळावरून जातो. बैल उतरत्या धांवेवरून पुढें गेले कीं भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यांत आपोआप मोकळी होते व पाणी पाटांतून वाहूं लागतें. बैलांस जितकें खोल पाणी ओढावयाचें तितकी धांव लांब लागते. एका मोटेस किमान एक बैलजोडी व एक मोटकरी धरिला तरी बारा मोटांस चोवीस बैल व बारा माणसें एके वेळीं कामास लागत. या बारा धांवा विहिरीच्या सभोंवार पसरावयाच्या, एकीची दुसरीस अडचण होऊं द्यावयाची नाहीं, आणि बाराही थारोळ्यांचें पाणी योग्य उंचीवरून निरनिराळ्या दिशांस न्यावयाचें, हें गणित दगड बसविण्यापूर्वींच मनांत तयार असावें लागतें. विहीर बांधून झाल्यावर आजूबाजूस बाग लाविली असा हा प्रकार नाहीं. बागेचा नकाशा आधीं व विहीर त्याच्या मध्यभागीं, असाच क्रम या रचनेवरून अनुमानितां येतो.

ही विहीर आमराईसाठीं होती अशी स्थानिक परंपरा आहे. तीबद्दल एक शंका मनांत येते. आंब्याच्या रोपास पहिलीं कांहीं वर्षें उन्हाळ्यांत आळ्यांत पाणी घालावें लागतें. मूळ खोल गेल्यावर त्याची गरज बरीच कमी होते. मग बारा मोटांचा हा प्रचंड खटाटोप कशास? याचें उत्तर असें दिसतें कीं, आमराई हें त्या उपवनाचें केवळ एक अंग होतें. झाडें वाढल्यावर जें पाणी शिल्लक राहील, त्यावर फुलझाडें, भाजीपाला व बागाईत पिकें घेण्याची सोय मूळ योजनेंतच असली पाहिजे. जी योजना झाडांच्या बालपणाची व प्रौढपणाची अशी दोन्ही वयांची गरज ध्यानांत घेते, ती करविणारास काळाची जाण आहे असें म्हटलें पाहिजे.

महालाची जागाही विचारणीय आहे. तो कांठावर बांधितां आला असता. परंतु भूपृष्ठाखालीं, दोन जलाशयांच्या मध्यें व सावलींत बांधिल्यामुळें वैशाखांतही तेथें गारवा राहतो. खालीं पाणी, मध्यें शीतल बैठक, वर गच्ची, सभोंवार मोटांचा घोष व पाटांचें पाणी, आणि त्याच्याही पलीकडे झाडांची गर्द छाया. अशा एकांत एक वेढून असलेल्या वलयांची ही रचना आहे. त्यांतील फक्त दगडाचें वलय आज मूळ स्थितींत उभें आहे, म्हणून आपण तिला ‘विहीर’ म्हणतों. वस्तुतः तिला जलमध्य आराम म्हणणें अधिक यथार्थ होईल.

(४) शास्त्राची साक्ष

आपल्या शास्त्रांत वापी व आराम यांचा विचार वेगवेगळा केलेला नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूगर्भांतील पाणी शोधण्याच्या विद्येस, म्हणजे दकार्गलास, एक अध्याय दिला व त्याच्याच पाठोपाठ वृक्षायुर्वेदाचा अध्याय घातला. ज्या जलाशयाच्या कांठीं छाया नाहीं तो मनोहर होत नाहीं, म्हणून पाण्याच्या कडेनें उपवनें लावावीं, अशा अर्थानेंच तो वृक्षांच्या अध्यायास आरंभ करितो. दोन झाडांमधील अंतर वीस हात असणें उत्तम, सोळा हात मध्यम व बारा हात कनिष्ठ, असेंही त्यानें सांगितलें आहे. हात दीड फुटाचा धरिल्यास उत्तम पक्षीं तीस फूट अंतर येतें व एका एकरांत सुमारें ४८ झाडें बसतात. मध्यम पक्षीं ७५ व कनिष्ठ पक्षीं १३४. कोणत्याही जुन्या आमराईच्या झाडांची संख्या कागदांत आढळली तर तिचें क्षेत्र किती असावें, याचा अंदाज या प्रमाणावरून करितां येईल. संग्राहकांनीं हें कोष्टक जवळ ठेवावें.

धर्मशास्त्राच्या दृष्टीनें विहीर, तळें, देवालय, अन्नसत्र व आराम यांच्या निर्मितीस ‘पूर्त’ ही संज्ञा आहे. यज्ञादिक ‘इष्ट’ कर्मांचा अधिकार मर्यादित. परंतु पूर्ताचा अधिकार स्त्रियांस व शूद्रांसही आहे, असा स्मृतिनिबंधकारांचा निर्णय आहे. मत्स्यपुराणांत दहा कूपांची बरोबरी एका वापीशीं, दहा वापींची एका तळ्याशीं, दहा तळ्यांची एका पुत्राशीं, व दहा पुत्रांची एका वृक्षाशीं केली आहे. ज्या स्त्रीस औरस पुत्र नाहीं, जिचें कूळ कोणी विचारीत नाहीं, आणि जिला यज्ञाच्या वेदीजवळ स्थान नाहीं, तिच्यासाठीं समाजानें कीर्तीचें एकच द्वार उघडें ठेविलें होतें, तें पूर्ताचें. विरूबाई त्याच द्वारानें इतिहासांत आल्या.

या बाबतींत त्या एकट्या नाहींत. गुर्जर देशीं पाटणची वाव अकराव्या शतकांत राणी उदयमतीनें बांधविली, व अडालजची वाव पंधराव्या शतकाच्या अखेरीस रूडाबाईनें पुरी केली. परंतु विरूबाईंशीं सर्वांत जवळचें साम्य अहमदाबादच्या बाई हरीरचें आहे. ती महमूद बेगड्याच्या जनानखान्याची मुख्य कारभारीण होती, राणी नव्हती. तिनें पंधराव्या शतकाच्या अखेरीस वाव बांधविली, तींत संस्कृत व अरबी असे दोन्ही भाषांतले लेख बसविले, आणि वावेबरोबर फळझाडांची बागही लाविली. राजवाड्याच्या आंतील कारभार पाहणाऱ्या दोन स्त्रिया, दोन भिन्न धर्मांच्या दरबारांत, सव्वादोनशें वर्षांच्या अंतरानें, एकच काम करवितात. यावरून तें काम त्या पदास साजेसें मानलें जात होतें असें अनुमान करण्यास जागा आहे.

(५) आक्षेप व समाधान

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, द्रव्य महाराजांचें. विरूबाईंचें केवळ नांव. याचें उत्तर असें कीं, महाराजांस स्वतःचें नांव घालण्यास कोणी अडविलें नव्हतें. स्वामींच्या हयातींत व स्वामींच्या मुलखांत दासीपणानें आलेल्या स्त्रीचें नांव दगडावर येतें, तें तिच्या संकल्पाची व देखरेखीची मान्यता म्हणूनच येतें.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. विहीर रचिली पाथरवटांनीं, पाणी शोधिलें पाणाड्यांनीं, झाडें वाढविलीं माळ्यांनीं. मग कर्तृत्व बाईंचें कसें? येथें आपलें व्याकरण उपयोगीं पडतें. पाणिनीनें स्वतः क्रिया करणारास कर्ता म्हटलें, परंतु त्यास प्रवृत्त करणारासही हेतु व कर्ता अशा दोन्ही संज्ञा दिल्या. म्हणून ‘करविणारा’ हा गौण नव्हे. क्रियेच्या मुळाशीं तो असतो. पाथरवटांचा मान कमी न करितां विरूबाईंस कारयित्रीचा मान देतां येतो. किंबहुना दोघांचाही मान एकत्र नोंदला पाहिजे, एवढेंच म्हणणें आहे.

पाश्चात्त्य देशांत भूमीची, पाण्याची व वृक्षांची एकत्र योजना करण्याच्या या विद्येस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्वतंत्र व्यवसायाचें रूप आलें. अमेरिकेंत १८९९ मध्यें त्या व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली, तेव्हां अकरा संस्थापकांत एकच स्त्री होती. तिचें नांव बिअॅट्रिक्स फॅरंड. पुढील शतकांत कॉर्नेलिया हान ओबरलँडर या बाईंनीं त्यांत मोठें नांव मिळविलें. १९२१ मध्यें जर्मनींत यहुदी घराण्यांत जन्मलेल्या या बाई आई व बहिणीसह देश सोडून १९३९ मध्यें अमेरिकेस पोंचल्या, १९४७ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतून ही विद्या संपादन केली, आणि १९५३ पासून कॅनडांतील व्हँकूव्हर येथें राहून इमारतींच्या छतांवर बागा व मुलांसाठीं क्रीडांगणें रचिलीं. २०२१ मध्यें त्यांचें निधन झालें. दोघींच्या परिस्थितींत अंतर अपार आहे. एकीस विद्यापीठ मिळालें, दुसरीस मुदपाकखाना व जामदारखाना. परंतु परक्या भूमींत आलेल्या मनुष्यास त्या भूमीशीं नातें जोडण्याचा जो सर्वांत टिकाऊ मार्ग आहे, तो दोघींनींही धरिला. भूमि तुमचें कूळ विचारीत नाहीं. पाणी कोठें जिरतें व सावली कोठें पडते हें तुम्हांस ठाऊक आहे कीं नाहीं, एवढेंच ती विचारते.

(६) संग्राहकांस विज्ञापना

अशा विषयाचीं साधनें राजकारणाच्या पत्रांत थोडीं व खर्चाच्या कागदांत अधिक सांपडतात. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें वाईच्या कागदांवरून साधनांचा पहिला खंड काढिला, आणि १९०७ मध्यें शाहू महाराजांच्या रोजनिशींतील उतारे गणेश चिमणाजी वाड यांच्या संग्रहांतून प्रसिद्ध झाले. तेव्हांपासून वाचकांची दृष्टि सनदा, तह व मोहिमा यांवर राहिली. आतां ज्यांच्या घरीं सातारा, कोरेगांव, खटाव व माण या भागांतील जुनीं दप्तरें आहेत, त्यांनीं रोजकीर्दी, याद्या व ताळेबंद बाजूस न टाकितां त्यांत आमराई, रोपें, माळी, मोटकरी, नाडे, चामडें, चुना, पाथरवट हे शब्द शोधावे. एका नाड्याच्या खर्चाची नोंदही किती मोटा चालत होत्या हें सांगून जाते.

मिती नोंदतांना दक्षता घ्यावी. या काळच्या कागदांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, सुहूर सन व फसली सन अशा चार गणना येतात. शालिवाहन शकांत ७८ मिळवावे, व पौष-माघानंतरच्या मितीस बहुधा ७९. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस पालटतो व त्याचें पहिलें वर्ष १६७४ चें. म्हणून १७१९ च्या ज्येष्ठापासून ४६ वा शक येतो. सुहूर सन मृगास पालटतो. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे. विहिरीचा आरंभ सुहूर सन अशरीन मया अलफ, म्हणजे ११२०, याच्या सुमारास पडतो. मूळ आंकडा जसाच्या तसा, गणनेच्या नांवासह उतरून घ्यावा, व इसवी सन त्याच्यापुढें वेगळा लिहावा. एक ‘शके’ गाळल्यानें ७८ वर्षें उडालीं, व त्याबरोबर एक स्त्री उडूं पाहत होती, हें लिंबच्या उदाहरणावरून सर्वांनीं ध्यानीं घ्यावें.

तात्पर्य, लिंबची वापी इ. स. १७१९ ते १७२४ मधील, शाहू छत्रपतींच्या अमदानींतील होय. ती विरूबाईंनीं करविली. आणि ती केवळ विहीर नसून एका संपूर्ण आरामरचनेचें हृदय आहे. म्हणून तिच्या जतनाचा विचार करितांना केवळ चिरे सांवरणें पुरेसें नाहीं. धांवांच्या खुणा, थारोळीं, पाटांचे मार्ग यांची मोजणी करून नकाशा तयार करावा, व जेथें जागा असेल तेथें वराहमिहिराच्या मापानें वीस-वीस हातांवर आंबे लावावे. दगडावरचें नांव वाचणारे पुष्कळ आहेत. त्या नांवाची सावली पुनः भूमीवर पडली, तर करवितीचा संकल्प पुरा झाला असें म्हणतां येईल.